बीड पानांच्या क्रमाने वाचू नका

इंग्लंडला जाऊन अँग्लो-सॅक्सन काळ (साधारण पाचवं ते अकरावं शतक) शिकायचा आहे, काय तयारी करू, असं मला गेल्या दोन वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. शीर्षकातला बीड म्हणजे आठव्या शतकातला इंग्रज भिक्षू; इंग्रज लोक ख्रिस्ती कसे झाले याचा त्याने लॅटिनमध्ये लिहिलेला इतिहास हा या काळाचा मुख्य ग्रंथ. ५९७ साली पोप ग्रेगरीने धाडलेला धर्मप्रचारक ऑगस्टिन आग्नेय इंग्लंडातल्या केंटमध्ये उतरला, ६६४ मध्ये उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाच्या राजाने व्हिटबीच्या धर्मसभेत ईस्टरची तारीख काढायची रोमची पद्धत स्वीकारली, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आधी कडू गोष्ट. लॅटिन येत नसेल तर या विषयाच्या वाटेला जाऊ नका. "भाषांतरावर भागतं" असं सांगणारे भेटतील. परीक्षेपुरतं भागतं, संशोधनात भागत नाही. मी पुण्याहून निघाले तेव्हा माझं लॅटिन शब्दकोश उघडून अडखळत वाचण्याइतकं होतं आणि पहिल्याच सत्रात त्याची किंमत मोजली.

आता मी कुठे फसले ते सविस्तर सांगते, कारण याच खड्ड्यात पडलेले आणखी दोघं मी नंतर पाहिले.

सेमिनारसाठी माझा विषय होता, मूर्तिपूजकांच्या देवळांबद्दल पोप ग्रेगरीचं धोरण. बीडच्या इतिहासात पहिल्या भागाच्या ३०व्या प्रकरणात ग्रेगरीचं मेलिटसला लिहिलेलं पत्र आहे. मेलिटस हा ऑगस्टिनच्या मदतीला ६०१ मध्ये रोमहून निघालेल्या दुसऱ्या तुकडीतला धर्मप्रचारक. देवळं पाडू नका, फक्त आतल्या मूर्ती फोडा, पवित्र पाणी शिंपडा, तिथेच वेदी उभारा, लोक बैल कापत असतील तर हुतात्म्यांच्या सणाला देवळाभोवती फांद्यांचे मांडव घालून जेवणं करू द्या, असं त्यात आहे. पुढे ३२व्या प्रकरणात केंटचा राजा एथेलबर्ट याला लिहिलेलं पत्र येतं. त्यात उलटं आहे: मूर्तिपूजा मोडून काढ, देवळांच्या इमारती पाड. मी क्रमाने वाचलं आणि लिहिलं की ग्रेगरी आधी मवाळ होता, मग कडक झाला. बीडने दिलेल्या तारखाही जुळत होत्या. मेलिटसचं पत्र १७ जून, राजाचं २२ जून ६०१. पाच दिवसांत पोपचं मन का बदललं याचं कारणसुद्धा मी शोधून काढलं होतं. आठ पानं.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती आठ पानं बाजूला ठेवली आणि मेलिटसच्या पत्राच्या पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "हे वाच." तिथे ग्रेगरी म्हणतो की तुझ्याबरोबरची आमची मंडळी निघून गेल्यावर आम्हाला फार घोर लागला आहे, कारण तुमचा प्रवास कसा चाललाय याची काहीच खबर नाही. आणि राजाचं पत्र? ते याच मंडळींबरोबर रोमहून निघालं होतं. जे लोक २२ जूनचं पत्र घेऊन निघाले, त्यांना "तुम्ही गेल्यापासून खबर नाही" असं १७ जूनला कसं लिहिता येईल?

घोळ एका शब्दाचा होता. रोमन पद्धतीत महिन्याच्या पहिल्या दिवसाला कॅलेंड्स म्हणतात आणि त्याच्या आधीचे दिवस उलटे मोजतात, तोही दिवस धरून. 'जुलैच्या कॅलेंड्सपूर्वीचा पंधरावा दिवस' म्हणजे १७ जून. तिथे जुलैऐवजी ऑगस्ट वाचा, १८ जुलै होते. बीडच्या प्रतीत जुलैचे कॅलेंड्स आहेत, म्हणजे १७ जून; पोपच्या पत्रसंग्रहात ऑगस्टचे, म्हणजे १८ जुलै; आणि आज बहुतेक अभ्यासक १८ जुलैच धरतात. मोडी कागद हाताळलेल्यांना हे चटकन कळेल. "छ २ रमजान" एवढंच लिहिलेलं असतं, सालाचा पत्ता नाही, आणि महिना चुकीचा वाचला की घटनांचा क्रमच फिरतो.

माझाही क्रम फिरला. आधी राजाला पाडापाडीचा सल्ला, मग साधारण महिनाभराने दुसरा विचार, आणि तो वाटेत गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) असलेल्या मेलिटसला मागून धाडलेला. त्याच पत्रात ग्रेगरी म्हणतो की इंग्रजांच्या बाबतीत मी बराच काळ मनाशी विचार केला. ते वाक्य मी भाषांतरात तीनदा वाचलं होतं, पण त्याचं वजन कळलं नव्हतं. जुनी देवळं राखायचं धोरण पहिल्यापासून ठरलेलं होतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते एका माणसाच्या फेरविचारातून आलं. मला ही गोष्ट अजूनही फार मोठी वाटते.

त्या रात्री मी खोलीवर रडले, हे लपवत नाही. नवख्यांपैकी बहुतेकांवर अशी एक रात्र येते. त्यामुळे विषय सोडू नका.

यानंतर मी बीड दोन थरांत वाचायला लागले. त्याने जॅरोच्या मठात बसून ७३१ मध्ये ग्रंथ पुरा केला, म्हणजे ऑगस्टिननंतर १३४ वर्षांनी. त्यात उतरवून घेतलेली बहुतेक पत्रं सहाव्या-सातव्या शतकातली आहेत, भोवतालची गोष्ट आठव्या शतकातली. नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्या दरबारात, माणसाचं आयुष्य म्हणजे दालनातून क्षणभर उडून जाणारी चिमणी, असा दाखला देणारा सरदार सुंदर आहे, पण ते बोलणं ६२७चं म्हणून उद्धृत करू नका. उलट ग्रेगरीने ५९८ मध्ये अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष युलोजियस याला लिहिलं की नाताळात दहा हजारांहून जास्त इंग्रजांनी बाप्तिस्मा घेतला. आकडा फुगवलेला असेल, पण पत्र त्याच काळातलं आहे, आणि ते बीडच्या ग्रंथात नाही.

"५९७ मध्ये केंट ख्रिस्ती झालं" हेही लिहू नका. एथेलबर्टची राणी बर्था फ्रँक, म्हणजे गॉलमधल्या राजघराण्यातली होती, आधीपासून ख्रिस्ती, आणि तिच्यासोबत लिउडहार्ड हा बिशप आला होता. ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याने एकाच देवळात दोन वेद्या ठेवल्या, एक ख्रिस्ताची आणि एक जुन्या देवांची. एसेक्समध्ये ६६४च्या साथीनंतर काही जण जुन्या देवांकडे परतले.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. नाव मोठं आहे म्हणून कोणाकडे जाऊ नका. आठवड्यातून एकदा शेजारी बसून तुमच्याबरोबर दहा ओळी वाचणारा माणूस शोधा. तयार सारांशांवर वेळ घालवू नका, या विषयात त्यांनी मला फक्त तोटा केला.

आणि घाबरूही नका. बीडचं लॅटिन सरळ आहे, सिसेरोसारखं दमवत नाही. रोज अर्धा तास धरा, वर्षभरात पत्रं वाचता येतील. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक ज्याने शिकलाय, त्याचा अर्धा रस्ता झालेलाच आहे.

सुरुवात प्रस्तावनेपासून करा. कोणती माहिती कोणाकडून आली हे बीड तिथे स्वतः सांगतो: कँटरबरीचा मठाधिपती अल्बिनस, आणि लंडनचा धर्मगुरू नॉथेल्म, ज्याने रोमला जाऊन पोपच्या दप्तरातली ग्रेगरीची पत्रं शोधून आणली. तेवढं वाचून झालं की ३०वं आणि ३२वं प्रकरण समोरासमोर ठेवा आणि दोन्हींच्या शेवटच्या ओळीतली तारीख बोटांवर मोजून बघा.