प्रोबेशनची अट मोडल्याचं समन्स आलंय? बचाव असा उभा करा

गुन्हा शाबीत झाला, पण कोर्टाने शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर (लेखी हमीवर), म्हणजेच प्रोबेशनवर सोडलं. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. वर्ष-दीड वर्षाने पोलीस शिपाई समन्स घेऊन दारात उभा: बाँडच्या अटी मोडल्या, अमुक तारखेला हजर राहा. अशा वेळी घरात रडारड सुरू होते, कारण सगळे धरूनच चालतात की आता तुरुंग ठरलेला.

तसं नसतं. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम (कोर्टात सगळे नुसतं ‘प्रोबेशन अ‍ॅक्ट’ म्हणतात) कलम ९ मध्ये दोन वाटा देतो. अट मोडल्याची कोर्टाची खात्री पटली तर ते मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. किंवा, अट पहिल्यांदाच मोडली असेल तर, बाँड चालू ठेवून जास्तीत जास्त ५० रुपये दंड करू शकतं. हो, पन्नासच. ही रक्कम कायदा झाला त्या काळातली आहे. एका वाटेवर तुरुंग, दुसरीवर पन्नास रुपये, आणि निवड न्यायाधीशांची. तेव्हा बचावाचं सगळं काम म्हणजे न्यायाधीशांना दुसऱ्या वाटेकडे वळवणं.

आधी तारीख सांभाळा

समन्स असेल तर त्या दिवशी हजर राहायचंच. कलम ९ मध्ये कोर्टाला थेट अटक वॉरंट काढायचाही अधिकार आहे. समन्स आलं म्हणजे कोर्टाने सौम्य मार्ग निवडलाय, तो वाया घालवू नका. वॉरंट निघालंय असं कळलं तर गावी निघून जाणं हा सर्वांत वाईट सल्ला. अटी पाळत नाही हा आरोप त्यातून आपणच सिद्ध करतो. वकिलामार्फत आपणहून हजर व्हा, वॉरंट रद्द करण्याचा आणि जामिनाचा अर्ज त्याच दिवशी द्या. चौकशी संपेपर्यंत कोठडीत ठेवायचं की जामीन द्यायचा, हे ठरवायची मुभा याच कलमात कोर्टाला आहे. जामीनदारालाही समन्स जाऊ शकतं, म्हणून त्याला आधीच फोन करा. त्याला ही बातमी पोलिसांकडून कळली तर पुढच्या वेळी तो सही करणार नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कागद मिळवा

माझा अनुभव असा की दहापैकी आठ अशील मूळ बाँड न वाचताच येतात. ‘साहेबांनी सांगितलं होतं हजेरी लावायची’ एवढंच आठवतं. म्हणून नक्कल विभागात अर्ज करून पाच कागद घ्या: मूळ निकाल, बाँड, देखरेखीचा आदेश असेल तर तो, परिवीक्षा अधिकाऱ्यांचा (बाँडच्या काळात देखरेख ठेवणारे अधिकारी) आताचा अहवाल, आणि समन्स निघालं त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची नोंद. अहवाल गोपनीय आहे असं कोणी म्हटलं तर वकिलांना कलम ७ उघडायला सांगा. त्यात गोपनीय म्हटलेले अहवाल बाँडवर सोडण्याआधीच्या चौकशीचे, म्हणजे कलम ४(२) आणि ६(२) चे आहेत. ज्या अहवालावरून तुम्हाला पुन्हा बोलावलं, तो वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

आरोप आणि बाँड शेजारी ठेवून वाचा

हे काम घाईत उरकू नका. एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे अहवालातला एकेक आरोप तारखेसह, उजवीकडे बाँडमधली तीच अट, शब्दाला शब्द. एका तरुण ड्रायव्हरच्या प्रकरणात अहवालात लिहिलं होतं, ‘परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर गेला.’ उजवा रकाना रिकामाच राहिला. बाँडमध्ये शांतता राखणं, पत्ता बदलल्यास कळवणं आणि दरमहा भेटणं, एवढंच होतं. जिल्ह्याची अट तोंडी सूचना होती. एक आरोप तिथेच गळाला, दरमहाच्या भेटींचा मात्र उरला.

तीन गोष्टी हमखास तपासा. मुदत: बाँड तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, आरोपाची तारीख मुदतीत बसते का ते बोटावर मोजा. प्रत: देखरेखीचा आदेश काढताना कोर्टाने अटी समजावून सांगायच्या आणि प्रत आरोपीला, जामीनदाराला लगेच द्यायची, असं कलम ४(५) सांगतं. प्रत मिळालीच नसेल, तर अट माहीत नव्हती या म्हणण्याला वजन येतं. आणि पैसे: भरपाई थकली असा आरोप असेल तर ती बाँडची अट आहे की कलम ५ खालचा वेगळा आदेश, ते बघा. कलम ५ ची रक्कम दंडासारखी वसूल होते. ती बाँडमध्ये लिहिलेली नसेल, तर थकली म्हणून बाँड मोडला असं होत नाही.

जे खरं आहे त्याचं कारण पुराव्यासह द्या

उरलेल्या आरोपांवर सरसकट ‘खोटं आहे’ म्हणू नका. वर सांगितलेल्या ड्रायव्हरच्या दोन भेटी खरंच चुकल्या होत्या. त्याच्या म्हणण्याच्या पहिल्या मसुद्यात होतं: ‘घरगुती अडचणींमुळे हजर राहू शकलो नाही.’ हे वाक्य न्यायाधीश दिवसातून वीसदा वाचतात. आम्ही बदलून लिहिलं: ‘आई ४ ते १९ तारखेपर्यंत रुग्णालयात दाखल होती, डिस्चार्ज कार्ड सोबत. ११ तारखेला परिवीक्षा अधिकाऱ्यांना फोन केला, कॉल नोंदीची प्रत सोबत. २१ तारखेला स्वतः कार्यालयात गेलो.’ तारीख, कागद आणि चूक कळल्यावर लगेच काय केलं, हे तीन धागे असले की तेच कारण कोर्टाला पटतं. नोकरीचं पत्र, पगाराची पावती, दारूबंदीची अट असेल तर व्यसनमुक्ती केंद्राचा दाखला, हेही जोडा.

परिवीक्षा अधिकाऱ्यांशी वैर धरू नका

लोक त्यांना पोलीस समजून टाळतात. खरं तर परिवीक्षाधीन माणसाला काम मिळवायला मदत करणं हे कलम १४ नुसार त्यांच्या कर्तव्यांतच येतं. शिवाय अट न झेपणारी असेल, समजा रात्रपाळीमुळे सकाळची हजेरी जमत नसेल, तर कलम ८ खाली कोर्ट ती बदलू शकतं. पण त्यासाठीचा अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्यांनीच द्यावा लागतो. म्हणून लेखी विनंती करा आणि पोच घ्या. ती पोच समन्सच्या आधीची असेल तर सोन्याहून पिवळं.

नवा गुन्हा दाखल झाला असेल तर

इथे सावध राहा. एफआयआर म्हणजे दोषसिद्धी नाही, हे वकिलांनी ठामपणे मांडावं. पण तुम्ही स्वतः अटभंगाच्या चौकशीत त्या प्रसंगाबद्दल भरभरून बोलू नका. तिथे दिलेला खुलासा नव्या खटल्यात तुमच्याच अंगावर येऊ शकतो. संविधानाचं कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देतं. दोन प्रकरणांचे वकील वेगळे असतील तर त्यांची एकदा गाठ घालून द्या.

सुनावणीत काय मागायचं

अट मोडली नाही हे पहिलं म्हणणं. मोडली असं वाटलंच तर ती पहिलीच चूक आहे, कलम ९(३)(ब) खाली दंड करून बाँड चालू ठेवावा, हे पर्यायी म्हणणं. दोन्ही लेखी द्या. सरकारी नोकरीत असाल किंवा होण्याच्या वाटेवर असाल तर कलम १२ आवर्जून सांगा. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता हे कलम टाळतं, पण मूळ गुन्ह्याची शिक्षा नंतर सुनावली गेली की ते कवच जातं. पन्नास रुपये आणि तुरुंग यांच्यातला खरा फरक अनेकदा इथे असतो.

शिक्षाच झाली तर खटल्याच्या काळात कोठडीत काढलेले दिवस वजा करायला सांगा, आणि वकिलांशी त्याच दिवशी अपिलाचं बोला. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायला ३० दिवसांची मुदत असते.

आणि दंडावर भागलं तर कोर्टातून बाहेर पडण्याआधी भरा. दिलेल्या वेळेत तो भरला नाही, तर कलम ९(४) कोर्टाला पुन्हा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेचा रस्ता मोकळा करून देतं. पावतीची एक झेरॉक्स जामीनदाराकडे ठेवा, एक परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या फाइलला लावून पोच घ्या.