सिम्युलेटरआधी कॉकपिटात दहा मिनिटं

शिमला-मनालीला जाताना चंडीगडला मुक्काम असेल, तर सेक्टर 18 मधलं भारतीय हवाई दलाचं हेरिटेज सेंटर चुकवू नका. जुन्या सरकारी प्रेसच्या इमारतीत 2023च्या मे महिन्यात ते सुरू झालं. नॅट, मिग-21, मिग-23 अशी लढाऊ विमानं आहेत, शिवाय 1958 साली भारतातच घडवलेलं कानपूर-1 हे विमानसुद्धा. 1971च्या युद्धात हवाई दलाचे वैमानिक निर्मलजितसिंग सेखों यांनी श्रीनगरच्या आकाशात नॅटमधूनच शेवटची झुंज दिली. मुलांना ते विमान दाखवण्याआधी एवढी गोष्ट जरूर सांगा, मग ती त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

मुलं आल्याआल्या सिम्युलेटरकडे, म्हणजे विमान उडवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्राकडे धावतात. त्यांना आधी कॉकपिटपाशी, वैमानिक बसतो तिथे न्या. विमान चालवायची दांडी मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली. पायातल्या पेडलने नाक डावी-उजवीकडे वळतं. मग समोरची एकच तबकडी ओळखायला लावा: कृत्रिम क्षितिज, वरचा भाग आकाश, खालचा जमीन. सिम्युलेटरात नजर तिच्यावर ठेवली आणि दांडी बोटभरच हलवली, तर विमान सरळ राहतं. नवखी मुलं दांडी गच्च आवळून जोरात हिसके देतात, तिथेच सगळं बिनसतं.

आणखी एक. पोटभर जेवून लगेच बसवू नका. डोळ्यांना विमान कलंडताना दिसतं, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र वेगळंच सांगतो, आणि मळमळतं. तसं वाटलंच तर डोळे मिटायला सांगा.

निघण्याआधी सुट्टीचा वार आणि सिम्युलेटरची वेळ विचारून घ्या.