स्फिंक्सने लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन तयार करताना या चुका टाळा

पायथनच्या लायब्ररीसाठी स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनची पाने तयार करणारे साधन वापरू लागलेल्यांचा सर्वांत महागडा गैरसमज म्हणजे ऑटोडॉक (कोडमधील माहिती पानांवर आणणारा स्फिंक्सचा भाग) कोड नुसता वाचतो, असे मानणे. प्रत्यक्षात तो प्रत्येक मॉड्यूल इम्पोर्ट करतो, म्हणजे फंक्शनांच्या बाहेर लिहिलेले सारे काही चालवतो. आमच्या एका प्रकल्पात चाचणीच्या डेटाबेसमधील टेबले रिकामी करणारी फाइल पॅकेजच्या आतच होती आणि तिला मेन-गार्ड (फाइल थेट चालवली तरच कोड चालू देणारी अट) नव्हता. मी संध्याकाळी पाने तयार करणारी 'मेक एचटीएमएल' ही कमांड चालवली, पाने व्यवस्थित तयार झाली, आणि सकाळी चाचणी करणाऱ्या सहकाऱ्यांनी आठवडाभर भरलेल्या नोंदी नाहीशा झाल्याचे समजले. कारण सापडायला अर्धा दिवस गेला, कारण डॉक्युमेंटेशनवर कोणाचाच संशय नव्हता. तेव्हापासून मी बिल्ड नेहमी वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये करतो आणि तिथे डेटाबेसचा पत्ता व पासवर्ड ठेवतच नाही.

दुसरी चूक वॉर्निंगकडे दुर्लक्ष करण्याची. लायब्ररीला लागणारे एखादे पॅकेज बसवलेले नसेल, तर इम्पोर्ट फसतो. स्फिंक्स मात्र वॉर्निंग देऊन पुढे जातो, बिल्ड यशस्वी ठरतो आणि त्या मॉड्यूलच्या पानावर केवळ शीर्षक उरते. म्हणून 'स्फिंक्स-बिल्ड'ला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय पहिल्या दिवसापासून द्यावा, म्हणजे प्रत्येक वॉर्निंग एरर ठरते. घाईत असलेली मंडळी त्याऐवजी न सापडणारी पॅकेजे मॉक करून टाकतात, म्हणजे त्यांच्या जागी नकली वस्तू ठेवतात. हा मार्ग मला पटत नाही, कारण बेस क्लासच मॉक झाला की त्याच्याकडून वारशाने आलेल्या मेथड पानावर येत नाहीत आणि या वेळी वॉर्निंगही मिळत नाही.

डेकोरेटरमध्ये (फंक्शनला वेष्टन घालणाऱ्या कोडमध्ये) 'फंक्टूल्स'मधील 'रॅप्स' विसरल्यास मूळ डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेले त्याचे वर्णन, हरवते. गूगल शैलीच्या डॉकस्ट्रिंगसाठी नेपोलियन एक्स्टेन्शन सुरू करावे लागते. डॉकस्ट्रिंगमधील यादीपूर्वी एक ओळ रिकामी सोडावी. मॉड्यूल काढून टाकले, तरी 'स्फिंक्स-एपीआयडॉक' या मॉड्यूलांच्या पानांच्या फाइली बनवणाऱ्या कमांडने पूर्वी तयार केलेली त्याची फाइल आपोआप जात नाही. ती हाताने काढावी.

डॉकस्ट्रिंग नसलेली फंक्शनेही दाखवणारा 'अनडॉक-मेंबर्स' हा पर्याय पाने भरलेली दिसावीत एवढ्यासाठी वापरू नये. 'टाइमआउट' या पॅरामीटरपुढे 'टाइमआउटची व्हॅल्यू' एवढेच लिहिणे हाही त्याच घाईचा प्रकार आहे: ती व्हॅल्यू सेकंदांत द्यायची की मिलिसेकंदांत, शून्य दिल्यास काय होते आणि वेळ संपल्यावर कोणते एक्सेप्शन येते, हे कोड लिहिणाऱ्यानेच डॉकस्ट्रिंगमध्ये लिहायला हवे.