चार-पाच हजारांची टॉर्च घेण्याआधी

दुकानात जाण्याआधी एक काम दिवसाउजेडी उरकून घ्या. टॉर्च जिथे वापरायची आहे तिथलं अंतर पावलांनी मोजा: पाण्याच्या मोटारीच्या पेटीपासून द्राक्षबागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत, वस्तीपासून विहिरीपर्यंत, गोठ्यापासून शेजारच्या उसापर्यंत. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे लाईटची पाळी रात्रीची आली की पाणी भरायला जावंच लागतं, आणि उसात बिबट्या आहे हे आता कुणाला वेगळं सांगायला नको. हे अंतर माहीत असलं की अर्धी निवड तिथेच होते. ते माहीत नसेल, तर दुकानदार जी सगळ्यात झगझगीत असेल ती हातात देतो.

खोक्यावर दोन आकडे शोधा. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कॅंडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय त्याचं माप. लांबचं दिसणं कॅंडेलावर ठरतं. त्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, की खोक्यावर छापलेलं मीटरमधलं अंतर मिळतं. १०,००० कॅंडेला म्हणजे २०० मीटर. पण त्या २०० मीटरवर पडतो जेमतेम पाव लक्स उजेड, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात झुडूप कुठलं आणि जनावर कुठलं हे कळत नाही. म्हणून छापलेलं अंतर सरळ निम्मं धरा. बागेच्या टोकापर्यंत शंभर मीटर भरत असतील, तर २०० मीटरच्या खालची टॉर्च बघूच नका. गडावर जाणाऱ्याचं गणित उलटं असतं. त्याला पायाखालची वाट आणि आजूबाजूची दहा-वीस मीटर दिसली की झालं, त्यामुळे पसरट उजेड घ्यावा. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर तर दोन्ही हात खाचांत लागतात. तिथे हातातली टॉर्च कितीही भारी असली तरी कामाची नाही, डोक्याला बांधायचीच हवी.

आता लुमेन. ‘३००० लुमेन’ हा आकडा दरवेळी खोटा नसतो, पण तो फार वेळ टिकत नाही. एवढीशी बॉडी तेवढी उष्णता सोडू शकत नाही, म्हणून मिनिट-दोन मिनिटांत टॉर्च आपणहून उजेड उतरवते. छापलेल्या तासांचीही गंमत आहे. सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात धरतात, म्हणजे ‘चार तास’मधला बराचसा वेळ मिणमिणता असू शकतो. कंपनीने वेळेचा आलेख दिला असेल तर तो बघा आणि सपाट रेषा किती लुमेनवर, किती वेळ चालते तेवढंच लक्षात ठेवा. पाणी भरायला ३०० ते ५०० लुमेन सलग तीन तास मिळाले तर ती टॉर्च चांगली. आलेख नसेल तर हिशेब आपणच करावा. २१७०० आकाराच्या (या आकड्याचा अर्थ पुढे येतो) ५००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण १८ वॅट-तास असतात आणि एका वॅटमागे शंभर-सव्वाशे लुमेन धरायला हरकत नाही. म्हणजे ५०० लुमेन साडेतीन-चार तास. एका सेलवर १००० लुमेन आठ तास म्हणणारा सरळ थापा मारतोय.

सेल बाहेर निघतो का, हे स्वतः खोलून बघा. दोन-तीन वर्षांनी सेल दमणार, तेव्हा आत बंद असलेला सेल म्हणजे अख्खी टॉर्च भंगारात. निघत असेल तर आकार विचारा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. हे दोन्ही कुठेही मिळतात. काही कंपन्यांच्या टॉर्चला मात्र त्यांचाच खास सेल लागतो, तो कुठे आणि केवढ्याला मिळेल ते आधीच विचारून ठेवा. १८६५० वर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं तर हातही लावू नका. त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मजल संपते. संशय आला तर घरच्या छोट्या वजनकाट्यावर ठेवा: खरा १८६५० पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो, खरा २१७०० सत्तरच्या जवळ. तीस ग्रॅमचा निघाला की काय ते समजा.

खिशात आपली सी-टाईप केबल आणि मोबाईलचा नवा चार्जर घेऊन जा. बऱ्याच टॉर्च जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर चार्ज होतात, पण दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की ढिम्म. दुकानातच लावून दिवा पेटतो का पाहा. चार्जिंगच्या भोकावरची रबरी झडप दहा-बारा वेळा उघडून बसवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पाणी शिरतं ते तिथूनच. खोक्यावर आयपीएक्स८ किंवा आयपी६८ (पाणी-धूळ किती रोखते त्याचा दर्जा) असलं की पाण्याची चिंता नाही. बागेतल्या धुळीसाठी आयपी६८ बरी.

बटण डोळे मिटून दाबून बघा. हात चिखलाने भरलेत, थंडीने बोटं गारठलीत, निफाडचा पारा उतरलाय, अशा वेळी अंगठ्याला बटण सापडलं पाहिजे आणि एका दाबात कामाचा उजेड लागला पाहिजे. मध्येच फटाफट उघडझाप सुरू होत असेल तर ती टॉर्च परत ठेवा. मागचं झाकण थोडं सैल केल्यावर ती पूर्ण बंद होते का, तेही बघा. नाहीतर सॅकमध्ये आपोआप पेटते, कापड तापतं आणि वर पोहोचेपर्यंत सेल रिकामा.

रंगाकडे कुणी लक्ष देत नाही, मी देतो. निळसर पांढऱ्या उजेडात लाल मुरूम, वाळका पाला आणि घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वर आणि रंग ४००० ते ५००० केल्विन असेल तर घोणशीच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके वेगळे उठून दिसतात, आणि द्राक्षाच्या पानावरचा डाऊनी या बुरशीरोगाचा पिवळा डागही. थोडे लुमेन कमी मिळतात, मिळू देत. कळसूबाईच्या धुक्यात मात्र कुठलाही झोत डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो; तिथे उजेड कमी करून टॉर्च कमरेपाशी धरायची. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी एवढं काहीच लागत नाही, तिथे छोटी टॉर्च पुरते. आणि भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार असाल तर टॉर्च खिशातच राहू द्या, उजेडाने काजव्यांचं लुकलुकणं बिघडतं.

घरी आणल्यावर पहिल्याच रात्री पूर्ण चार्ज करा, मधल्या उजेडावर लावा, मोबाईलवर वेळ लावून ठेवा. छापलेल्या वेळेच्या निम्म्यातच मान टाकली तर परतीची मुदत आहे तोवर बिलासकट दुकानात. पुढे महिनोन्‌महिने लागणार नसेल तर अर्ध्या चार्जवर कपाटात ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत सेल ठेवू नका. बिलाचा फोटो काढून ठेवा, छापील कागद वर्षभरात कोरा होतो.