कुत्र्याला माळावर नेण्याआधीची तयारी

आमची कुत्री हरणी, कारवान या शिकारी जातीची. लांब पाय, खोल छाती, कंबर मुठीत मावेल एवढी. ती आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासवडच्या पुढे एका माळावर मी तिचा पट्टा सोडला. आसपास माणूस नाही, रस्ता नाही, पळू दे मनसोक्त, असा विचार. वाळल्या गवतातून ससा उठला आणि मला तो दिसेपर्यंत हरणी अर्ध्या माळापलीकडे पोचली होती. दोन मिनिटांत ती परत आली तेव्हा ससा तिच्या तोंडात होता, मेलेला. मेंढरं घेऊन उभे असलेले एक म्हातारे धनगर बाबा एवढंच म्हणाले, "बाई, कुत्रं तुमचं, तर गुन्हाबी तुमचाच हाय."

ते खरं की खोटं हे शोधायला मी घरी येऊन कायदा वाचला. त्यानंतर ही तयारी हळूहळू जमत गेली. टेकडीवर, माळावर, रानाच्या कडेला कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकासाठी ती लिहून ठेवते आहे.

पहिली तयारी डोक्यातली, म्हणजे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेण्याची. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे आणि त्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. कायद्यातली व्याख्या मात्र खूप रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, जखमी करणं हे सगळं तिच्यात येतं, आणि यातल्या बहुतेकांचा नुसता प्रयत्नसुद्धा. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही शिकारच. याच व्याख्येत इंग्रजी मजकुरात 'कोर्सिंग' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थच मुळी कुत्र्यांकरवी जनावराचा पाठलाग करणं असा आहे. तो शब्द वाचला आणि मला माळावरची ती दोन मिनिटं पुन्हा दिसली.

मग कुत्रा हातातून निसटला आणि त्यानं ससा धरला तर मालक लगेच तुरुंगात जातो का? कायद्यात पाळीव कुत्र्याच्या फेरफटक्याचं वेगळं कलम नाही. 'छू' म्हणून कुत्रा अंगावर घालणारा माणूस सरळसरळ शिकार करतो, त्यात वाद नाही. सशांचा माळ आहे हे ठाऊक असून कुत्रा मोकळा सोडणारा आणि फोन धरून चित्रण करत उभा राहणारा माणूसही 'चुकून झालं' असं म्हणू शकत नाही. ते चित्रण त्याच्याच विरुद्धचा पुरावा ठरतं. पट्टा तुटला, मालक ओरडत मागं धावला, कुत्र्याला धरलं आणि लगेच वनखात्याला कळवलं, ही गोष्ट वेगळी. पण ती वेगळी आहे हे दाखवायची वेळ आपल्यावर येते, आणि निर्णय वन अधिकारी व न्यायालय करतात. म्हणून आपण काळजी घेतली होती हे आपल्या वागण्यातूनच दिसलं पाहिजे.

शिक्षेचे आकडेही माहीत असू द्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्यानं सर्वांत जास्त संरक्षण दिलेल्या यादीतल्या, प्राण्याची शिकार झाली तर कैद किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि दंड किमान २५ हजार रुपये. ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे. मोर, घोरपड, चिंकारा, काळवीट, खवल्या मांजर हे सगळे पहिलीत. मोर आणि घोरपड आपल्या शहरांच्या कडेच्या टेकड्यांवरसुद्धा भेटतात, त्यामुळे हे सगळं दूरच्या जंगलापुरतं आहे असं कुणी समजू नये.

आता जागा. घरून निघण्याआधी ती जमीन कुणाची आहे ते विचारून घ्या. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणंच गुन्हा आहे, मग कुत्रा घेऊन जायचा प्रश्नच येत नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर, नगरकडच्या कर्जतजवळचं रेहेकुरी, सोलापूरजवळचं नान्नज ही अभयारण्यं माळरानाची आहेत. कुंपण नसलं, पाटी पडलेली असली, तर नुसतं गवताळ रान वाटतं आणि आपण सहज आत शिरतो. गावात, मेंढपाळाला किंवा वनरक्षकाला विचारलं तर हद्द कुठून सुरू होते ते ते नेमकं सांगतात.

हद्दीबाहेरचा माळ मोकळा असला तरी रिकामा नसतो. खोकड (कोल्ह्याहून लहान, त्याच्यासारखाच प्राणी), लांडगा, ससा आणि धाविक, चंडोल यांसारखे पक्षी यांचं घर तेच आहे. नान्नजच्या परिसरात खोकडांवर जो अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की कुत्रा जवळपास असला की खोकड अन्न समोर असूनही तिथं कमी येते, आणि आली तरी खाण्याऐवजी मान वर करून बघत राहते. कुत्रा तिच्या अंगावर गेलेला नसतानाही. मला हे फार लागलं. हरणीनं काही धरलं नाही म्हणजे आपण कुणाचं काही बिघडवलं नाही, अशी माझी समजूत होती. तेव्हापासून बिळं असलेल्या भागात मी तिला पट्ट्यावरसुद्धा नेत नाही.

ऋतू आणि वेळ यांचा हिशेब घरीच करा. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा काळ चालू असतो. टिटवी तर उघड्या खड्यांत अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत पुढं पुढं जायला लागला, तर जिथं आहात तिथं थांबा, कुत्रा जवळ ओढा आणि आल्या वाटेनं मागं फिरा. तो पक्षी कुत्र्याला पिल्लांपासून लांब नेतो आहे. लांडोरही जमिनीवरच अंडी घालते, झुडपाच्या आडोशाला. या महिन्यांत मी हरणीला फक्त गाडीवाटेनं नेते. दिवस पुरता उजाडल्यावर निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत परतायचं. तांबडं फुटताना आणि तिन्हीसांजेला माळ सर्वांत जागा असतो.

अंधाराचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या कुत्र्याच्या जिवाचं आहे. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला तेव्हा वजनाच्या हिशेबानं सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. रानडुक्कर सुळ्यानं कुत्र्याचं पोट फाडतं, साळिंदराचे काटे तोंडात आणि छातीत रुततात, आणि घोणशीच्या बिळाशी नाक खुपसणाऱ्या कुत्र्याचं काय होतं ते सांगायला नको.

लसीकरण निघायच्या आधी पूर्ण झालेलं हवं. रेबीजची लस आहेच, पण डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांची लससुद्धा वेळेवर हवी. डिस्टेंपर कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो, आणि २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. आपला कुत्रा रोग रानात सोडूनही येऊ शकतो आणि रानातून घेऊनही येऊ शकतो. महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड यांचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कुणी विचारलं तर शोधाशोध नको.

सामानात सर्वांत महत्त्वाचा पट्टा. कारवान, मुधोळ, ग्रेहाउंड अशा कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. साधा पट्टा, कुत्रा मागं सरकला की, कानांवरून अलगद निघून येतो. त्यांना ओढल्यावर थोडा आवळला जाणारा रुंद पट्टा लागतो, किंवा छातीवरचा हार्नेस. मी दोन्ही घालते आणि दोरी हार्नेसला अडकवते. बटण दाबून लांब-आखूड होणारी बारीक दोरी माळावर आणू नका; ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पळू शकणाऱ्या कुत्र्याचा झटका तिला सोसत नाही. दोन मीटरची मजबूत सुती दोरी चालण्यासाठी आणि दहा मीटरची लांब दोरी मोकळ्या जागेसाठी, अशा दोन पुरतात. दोरी बोटांना गुंडाळायची नाही, हाड मोडतं. अंगठ्यातून घालून मुठीत धरायची. कड्या दर महिन्याला तपासा, गंज चढलेली कडी टाकून द्या.

गळ्यात घुंगरू बांधायचं काही जण सांगतात. पक्ष्यांना आधी चाहूल लागते हे खरं, पण घुंगरू बांधून कुत्रा मोकळा सोडण्यात अर्थ नाही. सशाला आवाज ऐकू आला तरी पळायचं त्यालाच आहे. जाळीचं मुसकं मात्र कामाचं. कुत्र्याला त्यातून धापा टाकता याव्यात, पाणी पिता यावं, एवढं ते मोठं हवं. आधी आठवडाभर घरात खाऊ देत देत सवय करा. एक मात्र लक्षात ठेवा, मुसक्यामुळे चावा टळतो, पाठलाग टळत नाही. पाठलागानं घाबरलेलं हरीण किंवा चिंकारा अंगावर एकही जखम नसताना नंतर मरू शकतं. अतिश्रमानं आणि भीतीनं त्याचे स्नायूच निकामी होतात.

शिकवणीबद्दल मी स्पष्टच लिहिते. 'ये' आणि 'सोड' हे दोन शब्द प्रत्येक कुत्र्याला आलेच पाहिजेत. 'सोड' शिकवताना तोंडातली वस्तू हिसकायची नाही, बदल्यात उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा. महिन्याभरात कुत्रा आपणहून सोडायला लागतो. हरणी घरात, अंगणात, सोसायटीच्या बागेत एका हाकेत येते. पण समोर ससा पळत असताना ती हाक तिच्या कानात शिरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसानं या कुत्र्यांना नेमक्या याच कामासाठी वाढवलं, त्यात तिचा दोष नाही. म्हणून 'माझा कुत्रा हाकेला येतो' असं सांगून पट्टा सोडणाऱ्यांचं मला पटत नाही. गावाकडे माझे मामेभाऊ अजून म्हणतात, "ताई, ती शिकारीचीच जात, तिला बांधून काय ठेवतेस?" बांधून ठेवत नाही, रोज दोन वेळा पळवते, पण चारी बाजूंनी भिंत असलेल्या मैदानात. मोकळं पळायचंच असेल तर अशी जागा शोधणं हीसुद्धा तयारीच आहे.

पिशवीत आणखी थोडं: कुत्र्यासाठी पाणी, शिट्टी, टॉर्च, जाड सुती कापड आणि दुमडून ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. शेवटच्या दोन वस्तू कुत्र्यासाठी नाहीत. फोनमध्ये महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आधीच साठवून ठेवा, शिवाय त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा क्रमांक आणि तुमच्या पशुवैद्याचा.

एवढं करूनही कुत्र्यानं काही धरलंच, तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी काही सुचत नाही. जनावर ओढू नका, ओढलं की फाटतं. कुत्र्याचा पट्टा धरा, त्याला पुढं जाऊ देऊ नका, 'सोड' म्हणा, आणि सुटल्याबरोबर लांब नेऊन झाडाला बांधा. पक्षी किंवा ससा जखमी असेल तर त्याच्यावर कापड टाका, अलगद खोक्यात ठेवा, झाकण लावा आणि शांत, सावलीच्या जागी राहू द्या. पाणी पाजू नका, दूध तर मुळीच नाही. मुंगूस, कोल्हा, घोरपड, साप यांना हात लावायचा नाही. लांब उभं राहून फक्त लक्ष ठेवा. पिल्लू धडधाकट असेल तर तिथंच राहू द्या आणि तुम्ही निघा, आई परत येते. मग १९२६ ला फोन करा आणि जागा नीट सांगा. मोबाइलवरून ठिकाण पाठवता आलं तर उत्तम.

प्राणी मेला असेल तरीही कळवायचंच. शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. असा प्राणी कोणत्याही मार्गानं आपल्या ताब्यात आला तर कलम ३९ नुसार ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. पुरून टाकणं, घरी आणणं, कातडं किंवा नखं ठेवून घेणं, कुत्र्याला खाऊ देणं, यातलं काहीही करू नका. मी त्या दिवशी ससा दगडाआड ठेवून निघून आले होते. कळवायचं असतं हे मला माहीत नव्हतं, पण विचारलंही नव्हतं.

मुंगूस किंवा कोल्ह्याशी झटापट झाली असेल तर कुत्र्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. त्याची लस झालेली असली तरी डॉक्टर पुन्हा डोस द्यायचा का ते ठरवतील. त्या गडबडीत तुम्हाला ओरखडा किंवा चावा बसला तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. हळद, चुना काही लावू नका.

आणि घरी पोचल्यावर, हात धुण्याआधी, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, काखा आणि कान बघा. गोचीड तिथंच बसतो, आणि पावसाळ्यानंतर कुसळी गवताची कुसळं कानात शिरतात. हरणी मान एका बाजूला कलती धरून चालायला लागली, तेव्हा आम्हाला ते कळलं.