एकॉर्न सुतार पाहायला निघताय? या चुका टाळा

रेडवुडच्या गर्द जंगलात मान वर करून फिरणं ही पहिली चूक. एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचं फळ; ते साठवणाऱ्या या सुतार पक्ष्याला ओक लागतो, तोही मोकळ्या, गवताळ उतारावरचा. ऑरेगनपासून कॅलिफोर्निया, ॲरिझोना, मेक्सिको करत थेट कोलंबियापर्यंत तो ओकच्या मागे मागे पसरला आहे. एकाच परिसरात ओकच्या दोन-तीन जाती असतील तर उत्तम. एकीला फळ धरलं नाही तर दुसरी हात देते. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळींना तर लांब जायलाच नको, स्टॅनफर्डच्या आवारातही तो दिसतो. सवड असेल तर पिनॅकल्स नॅशनल पार्क गाठा.

ठकठक ऐकू येण्याची वाट बघू नका. ‘वाका-वाका, वाका-वाका’ असा कलकलाट ऐकू आला की तिकडे वळा. गप्प बसणं या कुटुंबाला जमत नाही.

भोकं दिसली म्हणजे कोठार (एकॉर्न साठवायची जागा) सापडलं असंही नाही. ओळीत, जवळजवळ पाडलेली उथळ भोकं बहुधा झाडाचा रस पिणाऱ्या सॅपसकर या दुसऱ्या सुताराची असतात. कोठारातल्या भोकात एकॉर्न घट्ट ठोकून बसवलेलं असतं. अशी हजारो भोकं एका झाडावर असतात, एखाद्यावर ५०,०००पर्यंतही. वाळलेलं खोड, विजेचा खांब, कुंपणाचा डांब, लाकडी घराची भिंत, काहीही चालतं. उन्हाळ्यात भोकं रिकामी दिसली म्हणून जागा सोडू नका. माल संपलेला असतो एवढंच. तीच भोकं पुन्हा वापरली जातात. भरणा बघायचा तर पानगळीच्या दिवसांत (अमेरिकेतल्या ‘फॉल’मध्ये) जा.

सगळ्यात मोठी चूक मात्र पक्षी दिसल्यावर होते: फोटो काढला, यादीत खूण केली, निघाले! कोठारापासून चांगलं अंतर राखून तासभर बसा. वाळून आकसलेलं एकॉर्न सैल झालं की ते उपसून लहान भोकात ठोकायचं काम चालू असतं. खार किंवा ‘जे’ (jay) नावाचा पक्षी आला की आरडाओरडा. मधूनच एखादा हवेतल्या हवेत किडा टिपून परततो. नर-मादी ओळखायला कपाळ बघा: नराची लाल टोपी पांढऱ्या कपाळाला टेकते, मादीला मध्ये काळा पट्टा असतो. डोळा काळसर असेल तर ते पिल्लू. एका कुटुंबात अनेक नर, क्वचित दोन-तीन माद्या, आणि आधीची मोठी झालेली पिल्लं मदतीला. दोन माद्या एकाच ढोलीत अंडी घालतात, पण स्वतःचं पहिलं अंडं येईपर्यंत दुसरीची अंडी बाहेर काढून टाकतात. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल व्हॅलीतल्या हेस्टिंग्ज या राखीव संशोधन क्षेत्रात या संसाराचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे (तिथे मात्र असंच फिरायला जाता येत नाही).

पक्षी गप्प असले तरी मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवू नका. घुसखोर आला समजून सगळं कुटुंब कामं टाकून धावतं, शिवाय नॅशनल पार्कमध्ये याला मनाई आहे.

आणि दुर्बीण डोळ्याला लावून चालू नका. ओकखाली पॉइझन ओक (अंगाला लागला की खाज आणणारं झुडूप) हमखास असतो. तीन-तीन पानं ओळखता येतात, पण हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात आणि त्यांनीही तितकीच खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.