पेटी वाजवावीशीच वाटेना: कामी आलेला क्रम

लक्षण: पेटी उघडायची, दोन सूर वाजवून मिटायची. बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याची चढणही नकोशी. सुट्टी, खानापूरला मुक्काम, नवा छंद, कशानंच फरक पडेना. जीव मेटाकुटीला आला होता.

आधी डॉक्टरांकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासलं. मग समुपदेशकांनी सांगितल्याप्रमाणे इच्छेची वाट न बघता वेळ बांधली: संध्याकाळी ६ वाजता, १० मिनिटं, एकच अलंकार (सरावाची सुरावट). वाजवण्याआधी आणि नंतर आनंदाला ० ते १० गुण, लगेच वहीत. वही हवीच, कारण अशा काळात मन सुधारणा विसरतं. १ चे ३ झाले तरी ते खरे. गुण टिकल्यावरच वेळ वाढवली, शेवटी भजनी मंडळात वाजवायला लागलो.

कशातच मन न लागणं दोन आठवडे टिकलं, झोप-भूक बिघडली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, २४ तास.